वीसपैकी एक

माझ्याइतका निःपक्षपाती माणूस आमच्या कचेरीत दुसरा नाही! हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतोय, कारण हल्ली दुसरं कुणी सांगत नाही.

आमची कचेरी झाडाझुडपांचे नकाशे करते. विमानातून काढलेले फोटो बघून कुठे दाट झाडी, कुठे झुडपं, कुठे गवत ते रंगवायचं. मग एकाने प्रत्यक्ष जागेवर जाऊन नकाशा खरा की खोटा ते बघायचं. तो एक म्हणजे मी. आणि यंदाचा नकाशा केला होता माझ्या बायकोने! दोन वर्षं खपली होती बिचारी. पास झाला तर नकाशाखाली तिचं नाव छापलं जाणार; नाहीतर सगळं केराच्या टोपलीत.

"नवराच तपासणार म्हणजे झालंच की पास," कुणीतरी कुजबुजलं.

झालं! मी भर कचेरीत गरजलो, "नकाशाकडे मी ढुंकूनही बघणार नाही! वीस ठिकाणांचे अक्षांश-रेखांश तेवढे द्या. दिसेल ते लिहीन!" नियमही तोच आहे म्हणा. पण मी तो जणू स्वतःच शोधून काढल्यासारखा सांगितला.

संध्याकाळी घरी बायको म्हणाली, "अहो, जागा दाखवणाऱ्या त्या यंत्रात अक्षांश-रेखांशांचे आकडे नीट भरलेत ना? बघू का एकदा?"

"खबरदार! नकाशा करणाऱ्याने यंत्राला हात लावायचा नाही." मी यंत्र उशीखाली घातलं.

"बरं," ती म्हणाली. लग्नाला चौदा वर्षं झाली, तिचं 'बरं' मला कळायला हवं होतं.

सकाळी कचेरीची गाडी निघाली. तासाभराने ड्रायव्हरकाका चुळबुळायला लागले. "साहेब, आपण जरा जास्तच लांब नाही का आलो?"

"काका, तुम्ही गाडी चालवा. यंत्र चुकत नसतं!"

पहिलं ठिकाण निघालं एका गोदामाचं पार्किंग. मी लिहिलं, 'डांबर'. दुसरं आलं थेट पोहण्याच्या तलावात. मी बूट काढून गुडघाभर पाण्यात उतरलो, नियमाप्रमाणे चारी दिशांना फोटो काढले आणि तिथल्या रखवालदाराच्या शिट्ट्या ऐकत बाहेर आलो. तिसरं एका घराच्या परसात होतं.

"कोण रे तू?" दोरीजवळच्या आजींनी विचारलं.

"आजी, सरकारी पाहणी आहे. इथे काय उगवतं?"

"कपडे!"

मी तेही लिहिलं. दिसेल ते लिहीन म्हणालो होतो ना!

दुसऱ्या दिवशी बैठक. मोठ्या मॅडम नकाशातलं वाचत होत्या, मी माझ्या वहीतलं.

"दाट झाडी."

"डांबर!"

"पाणगवत."

"पोहण्याचा तलाव!"

"झुडपं."

"वाळत घातलेले कपडे!"

लोक हसायला लागले. वीसपैकी एक जुळलं, सतरावं. तिथे दोन्हीकडे 'ओसाड' होतं. मग मी उभं राहून छोटंसं भाषण ठोकलं. नातं घरी, सत्य कचेरीत वगैरे. बायको मान खाली घालून टेबलाची कड नखाने खरवडत होती. मॅडमनी फाइल मिटली. "दोन वर्षं गेली," त्या हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात ड्रायव्हरकाका गाडीच्या नोंदवहीवर सही घ्यायला आले. सही करता करता मॅडम थांबल्या.

"एकशे ऐंशी किलोमीटर? अहो, आपला अख्खा नकाशा नऊ किलोमीटरचा आहे!"

"मी म्हणत होतो, मॅडम. साहेब म्हणाले, यंत्र चुकत नसतं."

बायकोने माझ्यापुढे हात केला. या वेळी मी मुकाट्याने यंत्र दिलं. तिने बघितलं.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "अंशाची मिनिटं साठ असतात, घड्याळासारखी. तीस मिनिटं म्हणजे अर्धा अंश, पॉइंट पाच. तुम्ही पॉइंट तीस टाकलंत. वीसच्या वीस ठिकाणी असंच केलंय."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. आकडे कुणाचेही चुकतात हो! पण तिने आधी विचारलं होतं, मी हाकलून लावलं होतं आणि वर भाषण दिलं होतं. फार लाज वाटली. अजून वाटते.

"उद्या परत जा," मॅडम मला म्हणाल्या. "यंत्र त्या धरतील. तुम्ही फक्त बघा."

नकाशात काय आहे ते भर बैठकीत ऐकून मला आता पाठच झालं होतं. एकोणीस ठिकाणं तंतोतंत जुळली. विसावं नकाशात गवत होतं, आणि मी उभा होतो कमरेएवढ्या काटेरी झुडपांत! मनात म्हटलं, एवढं तरी करू हिच्यासाठी. मी लिहिलं, 'गवत'.

तिने वहीत डोकावलं. "हे काय?"

"आहे की थोडं... खाली."

"मग पँट कशाने फाटली? गवताने?" तिने पेन घेतलं, माझं गवत खोडलं आणि लिहिलं, 'झुडपं'. "माझं चुकलं इथे," ती म्हणाली. घरातली साखर संपली म्हणून सांगावं, तितक्या सहज.

मीही तोंड उघडलं. "अगं, माझंही परवा..."

"आधी काट्यांतून बाहेर या," ती म्हणाली.

नकाशा पास झाला. खाली तिचं नाव छापलंय, मोठ्या अक्षरात. त्याखाली बारीक अक्षरात माझंही आहे, 'प्रत्यक्ष पाहणी' असं लिहून. कचेरीतल्या प्रतीवर त्यापुढे मॅडमनी स्वतःच्या हाताने दोन शब्द वाढवलेत: 'दुसऱ्या वेळी'.