पर्याय (ड) : नाय

माणसाला मन असते, ही गोष्ट विद्यापीठाने मान्य केली असली, तरी नाशिक शहराने तिला अद्याप दुजोरा दिलेला नाही. साक्षीला हे दोन वर्षे शिकून, एमएची पदवी हातात पडल्यावर समजले.

तिचे वडील सहादू इगतपुरीला रेल्वेत. क्वार्टर्समध्ये कोणी विचारले, "पोरगी काय करते?" की ते छाती फुगवून सांगत, "अप्लाइड सायकॉलॉजी." त्यावर ऐकणारा आपुलकीने म्हणे, "अप्लाय केलंय होय? मग लागलं का कळवा." सहादूंनी सुरुवातीला समजावून पाहिले, शेवटी हात टेकले आणि पुढे स्वतःच म्हणू लागले, "केलंय अप्लाय. बघू."

विभागाच्या माहितीपत्रकात करिअरच्या सतरा संधी छापल्या होत्या (त्यात क्रीडा मानसशास्त्रज्ञ दोनदा). साक्षीच्या वर्गात चोवीस जण. पैकी नऊ जणींची लग्ने झाली. सात जणी गंगापूर रोडच्या क्लासेसमध्ये समुपदेशक झाल्या. तिथे समुपदेशन म्हणजे, ज्या मुलाला गणित झेपत नाही त्याच्या आईबापांना ते झेपेल असे पटवणे. पाच जण फोनवरून कर्ज देतात, त्याला ग्राहक वर्तनाचा अभ्यास म्हणतात. एक जण हस्ताक्षरावरून स्वभाव सांगतो आणि (शास्त्र बाजूला ठेवल्यामुळे) त्याचे बरे चालले आहे. एकाचा पत्ता लागत नाही. उरली साक्षी. तिला अंबडच्या एका कारखान्यात कर्मचारी मनःस्वास्थ्य अधिकारी म्हणून घेतले. सहा महिने पाहणार, मग कायम करणार.

खाते अत्यंत शास्त्रशुद्ध चाले. मनःस्वास्थ्य कक्षात एक टेबल, दोन खुर्च्या आणि पाण्याचे रिकामे जार असत. साक्षीकडे वाढदिवसाचे केक, महिला दिनाची रांगोळी आणि अंगठ्याचे हजेरीचे मशीन बिघडले की कोणाला तरी बोलावणे, अशी तीन मानसशास्त्रीय कामे होती. चौथे काम मोठे होते. मुख्य कचेरीकडून 'आनंदी कारखाना' अशी पाटी मिळायची होती आणि त्यासाठी सर्व कामगारांकडून एक फॉर्म भरून घ्यायचा होता.

प्रश्न : आपण कामावर आनंदी आहात का? (अ) होय. (ब) बऱ्यापैकी होय. (क) सांगता येत नाही, पण होय.

मताचे इतके स्वातंत्र्य देऊनही चारशे बारापैकी एका फॉर्मवर घोटाळा झाला. पत्रा कापणाऱ्या यंत्रांच्या प्रेस शॉपमधल्या मोतीरामने (क)च्या खाली पेनाने चौथा पर्याय स्वतःच तयार केला : (ड) नाय. आणि त्यावर खूण केली. आनंद ९९.७६ टक्क्यांवर अडकला. एचआरच्या आहेर साहेबांनी कपाळाला हात लावला.

साक्षीने मोतीरामला बोलावले. जार सरकवून तो बसला. टोपी चुरगाळत सांगू लागला.

"मॅडम, शेजारच्या प्रेसवर आमच्या मल्हारीचा हात गेला. तेव्हापासून माझा हात पुढंच जात नाय. झोप नाय. लय भ्या वाटतं. घरी बी नाय सांगितलं मी." उठताना म्हणाला, "साहेबाला नका कळू देऊ बरं का."

एवढे शिकली ते याच दहा मिनिटांसाठी, असे साक्षीला वाटले. 'समुपदेशनातील गोपनीयता' ही टीप तिला परीक्षेत पाच गुणांना आली होती. तिला पाच मिळाले होते.

दुसऱ्या दिवशी आहेर साहेब म्हणाले, "ताई, तुमची कायम करायची फाईल माझ्याच टेबलावर आहे. त्या मोतीरामचं काय आहे ते जरा लिहून द्या. त्याच्या भल्यासाठीच हो."

'भल्यासाठी' हा शब्द ऐकला आणि साक्षीला धीर आला. तिने लिहिले : प्रेसची तीव्र भीती, निद्रानाश, तूर्त पॅकिंगला बदली करावी. अहवाल उत्तम होता. कंपनीने त्यातला पहिला स्वल्पविराम येईपर्यंत वाचला. भित्रा माणूस प्रेसवर धोकादायक, असे ठरले. मोतीराम ठेकेदाराचा माणूस, त्याला सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितले. गेटवर त्याने टोपी घातली आणि तो गेला. चारशे अकरापैकी चारशे अकरा. शंभर टक्के. शास्त्र उपयोजित झाले ते असे.

पाटी लागली. साक्षी कायम झाली. सहादूंनी क्वार्टर्समध्ये पेढे वाटले, "लागलं बरं का पोरीचं!" मग फोन करून विचारले, "बरी हायेस ना गं?"

"हो पप्पा, मजेत."

फोन ठेवून तिने समोरचा कागद ओढला. कायम झाल्यामुळे तिलाही फॉर्म भरायचा होता. (क)च्या खाली चांगली दोन बोटे जागा कोरी होती. पेन तिथे बराच वेळ थांबले. मग वर गेले आणि (अ)वर खूण झाली.

वाचक हो, पोरीला नावे ठेवायची तर खुशाल ठेवा, ती आहेच तशी. फक्त आज सकाळी तुम्हाला कोणी तरी "काय, कसं काय?" म्हणून विचारले असेल, तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते आठवा. तेच ना? बरं, तुमचाही फॉर्म जमा झाला.