पाण्यात तपासलेलं इंजिन

१९८३ साल. अनंतराव नाडकर्णी पोस्टातून निवृत्त झाले आणि सरोजिनीबाईंनी माळ्यावरून ट्रंक काढली.

"पुण्याला मासा पोचतो तो पेन्शनीत निघाल्यावर," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं खाल्ला. आता मी देवगडला भावाकडे राहते. तुम्ही बसा तुमच्या पुण्यात."

अनंतरावांना पुणेही सुटत नव्हतं आणि सरोजिनीबाईही. म्हणून खडकवासला धरणावरच्या सोनबा कोळ्याला जुनी मासेमारीची होडी विकायची आहे म्हटल्यावर, ताजा मासा इथेच मिळेल या आशेने ते धावले. सोबत सायकल दुरुस्तीवाले हुसेनभाई. होडीकडे दोघांनी ओझरतं पाहिलं. सगळा जीव तिच्या मागे लावायच्या पेट्रोलच्या इंजिनात.

"घरी न्या, चालवून बगा," सोनबा म्हणाला. "होडी कुटं पळून जात न्हाई."

इंजिन रिक्षात बसून बिबवेवाडीला अनंतरावांच्या घरी आलं.

"कोरडं चालवायचं नाही," हुसेनभाईंनी बजावलं. "पंखा पाण्यात बुडायला हवा. पिंप पाहिजे."

तो बुधवार होता. गुरुवारी नळ कोरडे. त्यामुळे तळमजल्यावरच्या मंदाकिनीबाई आपट्यांनी अंगणातलं पिंप काठोकाठ भरून ठेवलं होतं आणि त्या मंडईत गेल्या होत्या. दोघांनी इंजिन पिंपाच्या काठावर कसलं आणि दोरी ओढली. ते फुरफुरलं, आणि पिंपातलं अर्धं पाणी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत गेलं.

"बंद करा, अनंतराव!"

"करतोय की!" म्हणत अनंतरावांनी दांडा नेमका उलटा पिळला. उरलेलं पाणी मंदाकिनीबाईंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर कोसळलं.

मंदाकिनीबाई पिशवी घेऊन फाटकातच उभ्या होत्या.

"नाडकर्णी, कुरडया तळतात. त्यांना पोहायला शिकवत नाहीत. आणि उद्या आम्ही प्यायचं काय?"

"इंजिन मात्र उत्तम आहे हां," हुसेनभाई हळूच म्हणाले.

"उद्या तुम्हाला धरणावरच नेतो," अनंतराव घाईघाईने म्हणाले. "हवं तेवढं पाणी घ्या."

मंदाकिनीबाई खरंच कळश्या घेऊन आल्या. काठचं पाणी गढूळ, मधलंच हवं म्हणून होडीतही बसल्या. सरोजिनीबाई आल्या त्या "जाण्याआधी तमाशा बघून घेते" म्हणून. चौघं वल्हवत आत गेली. मग हुसेनभाईंनी दोरी ओढली. इंजिन गरजलं, जोर केला आणि मागच्या कुजक्या फळीचा तुकडा घेऊन एकटंच निघून गेलं. होडी जागच्या जागी.

मंदाकिनीबाईंनी रिकामी कळशी छातीशी धरली.

"मला पोहता येत नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "कुरडयांना येतं."

मागून पाणी आत यायला लागलं. सरोजिनीबाईंनी पदर खोचला. "सगळे पुढे सरका! मागची बाजू वर उठू दे. अहो, ती वल्ही द्या इकडे." लग्नाआधी त्या वडिलांची होडी चालवत. हात काही विसरले नव्हते. काठ जवळ येईपर्यंत त्या चक्क हसत होत्या.

"माजं इंजिन!" काठावरून सोनबा ओरडला.

"फळी तुमची, इंजिन तुमचं," अनंतराव म्हणाले. "भांडण त्यांचं त्यांच्यात."

"फळी नवी बसवून द्या," सरोजिनीबाई म्हणाल्या. "होडी मी घेते. इंजिन नको. फार घाई करतं."

ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली. "गोड्या पाण्यातला आहे, पण जिवंत आहे," असं माशाला नावं ठेवत सरोजिनीबाईंनी पुढे कितीतरी वर्षं ती होडी वल्हवली. अनंतराव पुढे बसून दिशा सांगत. त्या ऐकत नसत. मंदाकिनीबाईंनी मासा कधी चाखला नाही, पण गुरुवारची फेरी चुकवली नाही. सोनबाने त्यानंतर विकायला काढलेली प्रत्येक होडी आधी फळी ठोकून दाखवली. इंजिन काही सापडलं नाही. त्याचा विषय निघाला की हुसेनभाई शेवटपर्यंत म्हणत, "चांगलंच असेल ते. पाण्यात तपासून घेतलंय."