समिती बाहेर, केक आत

बैठकीत केक नसले की सभासद भांडतात आणि असले की एकमत होतं, हे वीज-गॅस ग्राहक समितीचे सचिव ग्विलिम यांना अनुभवाने ठाऊक होतं. म्हणून आजही येता येता त्यांनी कोपऱ्यावरच्या एलुनेडबाईंच्या दुकानातून तव्यावर भाजलेले मनुकांचे केक घेतले. बाईंनी पैसे घेतले नाहीत. "राहू दे रे ग्विलिम, आज माझंच काम आहे तुमच्याकडे," म्हणत त्यांनी डबा हातात कोंबला. उशीर झाला होता. ग्विलिमनी डबा काखेत मारला आणि धूम ठोकली.

काम साधं होतं. शेजारच्या चॅपलचे, म्हणजे छोट्या चर्चचे, हीटर चुकून बाईंच्या मीटरला जोडले गेले होते. दोन हिवाळे देव उबेत बसला आणि बिलं बाईंना आली. वीज कंपनी ऐकायला तयार नव्हती. उद्या सकाळी वीज तोडणार होती. वीज गेली की भट्टी बंद, आणि भट्टी बंद की दुकान बंद. समितीने आज प्रकरण हाती घेतल्याचा ठराव केला, तरच कंपनीचा हात थांबणार होता.

ग्राहकांची मोठी परिषद लंडनला, तिच्या हाताखाली प्रांतोप्रांतीच्या समित्या. वेल्सच्या या समितीवर पाच साधे ग्राहक होते, सगळे बिनपगारी. ठरावाला त्यांच्यातले तिघं तरी लागत, सचिव मोजला जात नसे. आणि ज्याचा प्रकरणाशी काडीचाही संबंध असेल, त्याने तो आपणहून सांगून खोलीबाहेर जायचं, हा नियम. या नियमाचा सभासदांना इतका अभिमान होता, की बाहेर जाताना त्यांची छाती फुगायची.

आज एकाच्या मेंढ्या व्यायला आल्या होत्या, म्हणून चौघंच आले. चहा झाला, केक झाले, प्रकरण पुकारलं गेलं. लगेच पाद्री इड्वाल उठले.

"चॅपल माझंच. मी निघालो."

"जा बाबा," अध्यक्ष मॉर्फिडबाई म्हणाल्या. "तिघं उरलो, पुरे आहोत. काय गं बाई हे केक! कुणाचे, ग्विलिम?"

"एलुनेडबाईंचे."

"पैसे दिलेस ना?"

ग्विलिम चाचरले. खोटं बोलायची सोय नव्हती. आयुष्यात कधी सवयच केली नव्हती. "आज... आज त्यांनी घेतले नाहीत."

मॉर्फिडबाईंनी बोटावरची साखर रुमालाला पुसली. "म्हणजे तक्रारदाराचा पाहुणचार झाला. मी दोन खाल्ले."

"मी तीन," खजिनदार मेउरिग म्हणाले.

"मी अर्धाच, पण चवीने," तिसरी सभासद कबूल झाली.

"अहो, थांबा! तुम्ही गेलात तर ठराव कोण करणार?" ग्विलिम कळवळून म्हणाले. "बाईंची भट्टी उद्या बंद होईल हो!"

"वाईट वाटतं रे. पण नियम म्हणजे नियम," म्हणत मॉर्फिडबाई डोळे पुसत बाहेर गेल्या. मागोमाग बाकीचे. बाहेरच्या बाकावर एलुनेडबाई निकालाची वाट बघत होत्या. त्यांच्या शेजारी अख्खी समिती ओळीने येऊन बसली.

आत उरले ग्विलिम आणि कंपनीची बाजू मांडायला येऊन इतका वेळ कोपऱ्यात ऐकत बसलेले वीज कंपनीचे अधिकारी हॅलिवेल. ग्विलिमना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटत होती. करायला गेलो काय आणि झालं काय! हॅलिवेलसाहेबांनी मात्र पाय पसरले आणि डबा स्वतःकडे ओढला.

"समिती नाही, ठराव नाही. उद्या सकाळी तोडतो वीज," ते तोंड भरून म्हणाले. "पण मानलं हं तुमच्या लोकांना. अर्थात, आमचे नियम याहून कडक आहेत. मीच लिहिलेत."

"हो का?" ग्विलिम खिन्नपणे म्हणाले. "काय म्हणतात तुमचे नियम?"

"जो अधिकारी ग्राहकाचा पाहुणचार घेईल," हॅलिवेलनी दुसरा केक उचलत घोकल्यासारखं म्हटलं, "त्याने त्या ग्राहकाची वीज तोडू नये. प्रकरण मुख्य कार्यालयाने पहिल्यापासून तपासावं, आणि तोवर पुरवठा..."

त्यांचा जबडा थांबला. हातातल्या केककडे त्यांनी विंचू बघावा तसं बघितलं.

"पुरवठा काय, साहेब?" ग्विलिमनी अगदी हळू विचारलं.

"चालू राहावा," हॅलिवेल पुटपुटले. घास गिळावा की थुंकावा याचा नियम त्यांनी लिहिला नव्हता. शेवटी त्यांनी गिळला, उठून कोट नीट केला, संबंध असल्याचं रीतसर जाहीर केलं आणि तेही बाहेर गेले.

बाकावर जागा नव्हती. एलुनेडबाईंनी सरकून त्यांना टेकायला जागा केली. आत काय झालं ते त्यांना अजून ठाऊक नव्हतं. पण साहेबांच्या मिशीला लागलेली साखर त्यांना दिसली.

"कसे झालेत केक?"

"फार सुंदर," हॅलिवेल म्हणाले आणि दचकून घाईघाईने पुढे म्हणाले, "पण बाई, हे कंपनीचं मत नाही हं!"