पंधरा शेर बेणं

संक्रांत होऊन आठ दिवस झाले, तेव्हा केनवडच्या जगदेव डाकवाल्याला आपल्याला बटाटे लावायचे आहेत याची आठवण झाली. आठवण त्याची त्याला झाली नव्हती. ती तहसिलीतून लेखी आली होती, आणि गावात डाकवाला तो एकटाच असल्यामुळे स्वतःच्या नावाची नोटीस त्याला स्वतःच्याच घरी नेऊन द्यावी लागली होती.

लढाईचे दिवस होते. सरकारने 'अधिक धान्य पिकवा' म्हणून बाजारामागची पडीक जमीन बिनजमिनीच्या लोकांना दोन-दोन गुंठे वाटली होती. काय पिकवणार, असे कारकुनाने विचारले तेव्हा जगदेवाने सकाळी बटाट्याची भाजी खाल्लेली होती, म्हणून कागदावर 'बटाटे' लागले. त्यानंतर सहा महिने त्याने तिकडे पाहिले नाही. तुकड्यात कुंदा माजला, तरोटा माजला, बोरीच्या जाळ्या माणसाच्या छातीला लागल्या. आता नोटिशीत लिहिले होते की सोमवारी साहेब पाहणीला येतील, आणि लावणी झालेली नसेल तर तुकडा काढून शेजारच्या मोहनसिंगाला देण्यात येईल. मोहनसिंगाच्या तुकड्यात गुडघाभर कांदा उभा होता.

जगदेवाला याचे फारसे काही वाटले नाही. त्याच्या बायकोला, रंगूबाईला, फार वाटले.

"वीस वर्सं झाली, भाड्याच्या खोलीत डब्यात तुळस लावून राह्यली मी," ती म्हणाली. "मायबापाच्या वावरात वाढलेली बाई आहे. दोन गुंठे माती भेटली, तं तेही तुमच्यानं सांभाळनं होऊन नाई राह्यलं." आणि तिने पदर डोळ्याला लावला. रंगूबाई भांडली की जगदेव भांडत असे. ती रडली की त्याला काही सुचत नसे. तो तडक उठून निजामुद्दीन बटाटेवाल्याच्या दुकानी गेला.

"अबे, बटाटा दिवाळीले लावतेत," निजामुद्दीन म्हणाला. "आता लावून काय बोराएवढे काढतं?"

"लावला असं दिसलं म्हंजे झालं. जमीन वाचते."

"बरं, घेऊन जा. पंधरा शेर बेणं आहे. पन मेहेरबानी कर, जपून वापर. दुकानात एवढंच उरलं, दुसरं नाई भेटनार मंग."

रंगूबाईने बेणे डोळे राखून कापले, राखेत घोळवले आणि पोत्यात भरून कोपऱ्यात ठेवले. जगदेव कुदळ घेऊन रानात शिरला. तीन दिवसांत त्याने चटईएवढी जागा मोकळी केली आणि हाताला सहा फोड आणले. तेव्हा रंगूबाईनेच तोड काढली. तिच्या माहेरी एखाद्याचे वावर मागे राहिले की सारा गाव अवजारे घेऊन त्याच्याकडे जाई. मालकाने मजुरी द्यायची नाही, फक्त पोटभर जेवू घालायचे. याला इर्जिक म्हणत.

"सांगून तं पाहा चार जनायले," ती म्हणाली.

जगदेवाने पत्रे वाटता वाटता सांगितले. प्रत्येक जण म्हणाला, "पाहू." गावात वर्गणी मागितली की लोक 'पाहू' म्हणत आणि नंतर कोणी दिसत नसे, हा जगदेवाचा पंधरा वर्षांचा अनुभव होता. म्हणून त्याने चौघांऐवजी चाळिसांना सांगितले आणि घरी येऊन हिशेब दिला, "सात जन येतीन. सातायचं कर."

रविवारी सकाळी एकतीस जण आले.

कोणी विळे आणले होते, कोणी कुऱ्हाडी, दोघांनी तर बैलजोड्याच आणल्या होत्या. सर्वांत पुढे म्हातारे पुंजाजी होते. त्यांचा मुलगा फौजेत होता.

"पुंजाजीबुवा, तुमी काहून आले या वयात?" जगदेवाने विचारले.

"माह्या पोराचं पत्र तू तीन-तीनदा वाचून दाखोतं, दर वेळेस नवं असल्यासारखं. आन् मी येऊ नाई?"

 जगदेवाने मान डोलावली आणि त्यांच्यामागची माणसे मोजू लागला; घरात जेवण सातांचे होते. मोहनसिंगही कुऱ्हाड घेऊन आलेला पाहून त्याला राहवले नाही.

"तू कसा रे? साफ नाई झालं तं तुकडा तुलेच भेटते न?"

"भेटते तं," मोहनसिंग शांतपणे म्हणाला. "पन जेवाले बोलावलं न तू?"

दोन गुंठ्यांत एकतीस माणसे म्हणजे एकमेकांच्या कोपरांतून काम. सूर्य कासराभर वर येतो न येतो तोच कुंदा मुळासकट निघाला, जाळ्या बांधावर गेल्या, सऱ्या पडल्या, लावणी तेवढी जेवणानंतर करायची ठरली, आणि एकतीस जण हातपाय धुऊन बाभळीच्या सावलीत पंगत धरून बसले.

रंगूबाईने पंगत मोजली आणि शेजारच्या बेबीबाईकडे धाव घेतली. भाकरीला ज्वारीचे पीठ तीन घरांतून मिळाले. भाजीला मात्र गावात काही नव्हते; बाजार गुरुवारचा. घरातली वांगी सात माणसांची. तिने घरी येऊन कोपऱ्यातल्या पोत्याकडे पाहिले, मग मागोमाग आलेल्या जगदेवाकडे पाहिले.

"नाई," जगदेव म्हणाला.

"बारीक बारीक तेवढे घेतो," रंगूबाई म्हणाली.

बारीक घेतले, धुतले, रश्शात टाकले. पातेल्यात रस्साच दिसू लागला. मग एका डोळ्याचे घेतले. मग दोन डोळ्यांचे. "आलेला मानूस उपाशी जाईन तं त्या वावरात पाय ठेवाची लाज वाटन मले," असे म्हणत रंगूबाईने शेवटी पोतेच उलटे केले, आणि चुलीकडे तोंड करून बराच वेळ धूर लागल्यासारखे डोळे पुसत राहिली.

भाजी झणझणीत झाली. जगदेव वाढत होता. दर पळीला त्याला दोन-दोन झाडे जाताना दिसत होती.

"जगदेवा, बटाटा मस्त आहे गड्या! कुठला म्हनाचा?"

"याच वावरातला," जगदेव म्हणाला. "म्हंजे, होनार होता."

इतक्यात बांधावर सायकल थांबली आणि टोपीवाला एक गृहस्थ घाम पुसत उतरला. गावात पंगत बसलेली असताना आलेल्या माणसाला नाव विचारायची रीत नव्हती. पुंजाजींनी त्याचा हात धरून त्याला बसवले. तो गृहस्थ नाही-नाही म्हणाला, मग एक भाकरी खाल्ली, मग दुसरी खाल्ली, आणि भाजी तर तीनदा मागून घेतली. हात धुतल्यावर त्याने पिशवीतून कागद काढला.

"उद्या मला बैठक आहे, म्हणून पाहणीला आजच आलो. जगदेव कोण? बटाट्याची लावणी दाखवा."

एकतीस जणांचे ढेकर जागच्या जागी थांबले. जगदेवाच्या हातातली पळी पातेल्यात पडली. रंगूबाई पुढे आली.

"खोटं नाई बोलत, सायेब. लावनी नाई झाली. बेनं होतं, पन हे सारे आमच्यासाठी राबले, आन् घरात दुसरं काई नव्हतं. इतके जन उपाशी कसे धाडू? शिजोलं मी ते. जमीन घ्या तुमी. माह्यं काई म्हननं नाई."

 साहेबांनी तिच्याकडे पाहिले, मग आपल्या पत्रावळीकडे पाहिले. तिच्यावर भाजीचा ठिपकाही उरला नव्हता. ते खाकरले. मोहनसिंग जमिनीकडे पाहत होता. साहेबांनी पेन्सिल काढून लिहिले आणि जगदेवाला सहीसाठी कागद दिला.

'जमीन स्वच्छ आहे. बियाणे मी स्वतः तपासले, उत्तम आहे. लावणीस आठ दिवसांची मुदत दिली.'

चौथ्या दिवशी तहसिलीच्या गावाहून परतलेल्या निजामुद्दीनच्या बैलगाडीतून पंधरा शेर बेण्याचे नवे पोते आले. सोबत साहेबांची चिठ्ठी होती. जगदेवाने ती मोठ्याने वाचली: "'बियाणे पाठवीत आहे. लावणीच्या दिवशी कृपा करून कोणासही जेवायला बोलावू नये.'"

रंगूबाईने पोत्यावरून हात फिरवला. तिचे डोळे भरून आले.

"देवमानूस आहे बापा," ती म्हणाली. "एवढं केलं त्याहीनं, एक डाव जेवाले तं बोलवाच लागन. आन् त्याह्यले एकट्यालेच कसं बोलवाचं? त्या एकतीस जनायले काय वाटन?"

 जगदेव उठला आणि पोत्यावर जाऊन बसला.