पुरूकाकांच्या खिशातला कापूस

शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात. आमच्या मागच्या घरातले पुरूकाका कापसाचा पुंजका ठेवतात. कुणाकडेही गेले की आधी तो चिमटीत धरून पंख्यापुढे, खिडकीपुढे फिरवायचा आणि कुठे झुकतो ते बघायचं. पाणी, चहा, चौकशी सगळं त्यानंतर. 'हवेले रस्ता द्या' हे त्यांचं सगळ्या दुखण्यांवरचं औषध.

काका आमच्याच गावात, सिंदी रेल्वेत, लग्नांचे व्हिडिओ एडिट करतात. त्यासाठी घरात दणकट कॉम्प्युटर आहे. व्हिडिओ तयार होताना तो भट्टीसारखा तापतो आणि त्याला तापू न देणं ही काकांची साधना. पण एवढी विद्या एका कॅबिनेटमध्ये मावत नाही. यंदा एका लग्नात हवा अडते म्हणून त्यांनी नवरदेवाचीच खुर्ची उचलून जेवणाच्या हॉलच्या दारात नेऊन ठेवली. केळझरच्या गणपतीपुढे हवा तपासत उभे होते, तर एका आजीने हातातला कापूस घेतला, वात वळली आणि लावून टाकली. काकांनी हात जोडले, पण चेहरा प्रयोगशाळा जळाल्यासारखा.

मी घरून ॲनिमेशनचं काम करते आणि शक्यतो कुणाशी बोलत नाही. मे महिन्यात माझा कॉम्प्युटर सारखा बंद पडायला लागला, हातातलं काम जायची वेळ आली, तेव्हा आईने काकांना बोलावलं. कॉम्प्युटर मी व्हिडिओ बघून स्वतःच जोडला होता. काकांनी झाकण काढलं, कापूस फिरवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वरणात साखर घातली होती.

"काऊन वं पोरी, सगळेच पंखे हवा आत घेऊन राह्यले. पाव्हणे येऊनच राह्यले, बाहेर कोणी जातच नाई. मांडव कोंदणार नाई तं काय?"

मग त्यांनी पुढचे पंखे तसेच ठेवले, मागचा उलटा करून बसवला आणि कॉम्प्युटर थंड ठेवायला आत फिरणारं पाणी गार करणारा रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावला, गरम हवा बाहेर फेकेल असा. समोरून वरात, मागून पाठवणी. "उलटी हवा म्हंजे मशीनचं आयुष्य कमी," असं बजावून दोन कप चहा प्यायले. माझं काम वाचलं.

डिसेंबरात त्यांचा पेन ड्राइव्ह परत द्यायला गेले. टेबलावर कापूस पडला होता. मी सहज त्यांच्या कॅबिनेटपुढे धरला, तर तो झपकन माझ्याकडे वळला. रेडिएटर पुढच्या बाजूला आणला होता आणि गरम वारा थेट समोरच्या खुर्चीवर येत होता.

भीड सोडून मी म्हणाले, "काका, तुमचं उलटं आहे."

काकांनी माझ्या हातातला कापूस काढून खिशात टाकला. मग आतल्या दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "काकूचे गुडघे धरतेत थंडीत. हीटर आणतो म्हटलं तं म्हणते, मी काय म्हातारी झालो?"

तेवढ्यात काकू तुरीच्या शेंगांचं टोपलं घेऊन आल्या. त्याच खुर्चीत बसल्या, पाय लांब केले आणि नाक मुरडलं.

"अजून तपलं नाई हे. लावा ना एखादं लग्न."

काकांनी निमूटपणे लावलं. पडद्यावर घामाने निथळलेला नवरदेव जेवणाच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. ते लग्न काकांनी उन्हाळ्यातच पूर्ण करून देऊन टाकलं होतं. आता पहिल्यापासून पुन्हा तयार व्हायला लागलं. पंखे घुरघुरले.

मी निघायला उठले, तर काकूंनी पायानेच स्टूल पुढे ढकललं.

"इकडं सरकून बस वं पोरी. तिकडं हवा नाई लागत."