मी नुसता चालायला गेलो होतो!

साठीनंतर तब्येत कशी राखावी हे मला विचारा! डॉक्टरांना नको, मोबाइलवर व्यायाम शिकवत हातवारे करणाऱ्या त्या बाईंना तर नकोच नको. वय माझं चौसष्ट. खाणीवर ट्रकांचं वजन करायच्या काट्यावर चौतीस वर्षं बसून कमावलेलं पोट मी चाळीस दिवसांत दोन इंच आत घेतलं! साखर सोडली, भजी सोडली, रात्रीचं जेवण साडेसातला. आणि रोज पहाटे चालणं. माझ्याबरोबर चालायला निघालेले तीन जण पहिल्या आठवड्यातच घरी बसले. मी मात्र एक दिवस चुकवला नाही.

एकच माणूस मला चालवता येत नव्हता. माझा थोरला भाऊ, गोकुळदासदादा.

गोव्यात कारापूरला आमची दोन घरं एकाच अंगणात आहेत. दादा बाहत्तरचा. न्हाणीत पाय घसरून पडला. हाड मोडलं नाही, साधी चीरही नाही. पण पडला तो अंथरुणातच गेला. बावीस दिवस भिंतीकडे तोंड आणि डोक्यावरून चादर! डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "पायांना काही झालेलं नाही, भीती बसली आहे. या महिन्यात उभे राहिले तर राहिले. नाही तर पुढे पाय साथ देणार नाहीत." मी रोज दादाच्या उशाशी बसून व्यायामाचे फायदे सांगायचो. तो चादरीतून म्हणायचा, "भिकू, तू चल. माका सोड." लहानपणी मला खांद्यावर बसवून नदीपार नेणारा माणूस! मी अंगणात येऊन डोळे पुसायचो आणि परत चालायला निघायचो.

तर त्या दिवसाची गोष्ट. सकाळी आठला शेजारच्या साखळी शहरात रक्त तपासायचं होतं, उपाशीपोटी. पाणी चालतं म्हणाले होते. पण नियम पाळायचा तर चार बोटं जास्तच पाळायचा, हा माझा स्वभाव! म्हणून पाणीही बंद. बायको मुलीकडे धारगळला गेलेली. निघताना चंद्रभागावहिनी दारात आल्या.

"भावजी, साडेआठांक परत येयात हां! माका नवाच्या बसीन औषध हाडूंक वचपाचें आसा. ह्यांकां एकटे कशे दवरूं?"

"वहिनी, घड्याळ माझ्यावरून लावा!" मी म्हणालो. त्या औषध आणायला नऊच्या बसने जाणार, दादाला एकटं ठेवायचं नाही, म्हणून तोवर मी येऊन बसायचं.

मुलानं पाठवलेले पांढरे बूट नवे होते. अर्ध्या वाटेत त्यांनी दोन्ही टाचा सोलल्या. शेवटी बूट एका बंद गाड्याखाली सरकवले आणि अनवाणीच निघालो. अंगात पांढरा सदरा, खांद्यावर पंचा, चेहरा घामानं निथळलेला. साखळीत शिरताना आमच्या बहिणीचं, सुमंगलाअक्काचं घर लागतं. तिला तोंड दाखवून जावं म्हणून अंगणात उभा राहिलो. साडेसहा झाले असतील.

"भिकू? इतक्या सकाळीं? भितर यो रे!"

माझे पाय चिखलाचे, ओसरी नुकतीच पुसलेली. मी हातानंच नको म्हटलं.

"च्या करतां."

मी मान हलवली. रक्त द्यायचं होतं ना!

"मरे, उदक तरी घे!"

पुन्हा मान. बोलायची सोय नव्हती; चालताना तोंड उघडायचं नाही, श्वास नाकानं मोजून घ्यायचा, असा त्या मोबाइलवरच्या बाईंचा हुकूम होता. अक्काचा आवाज जरा उतरला. "दादा कसो आसा रे?"

काय सांगणार? मी दोन्ही हात जोडले आणि आकाशाकडे बघितलं. देवाच्या हातात आहे, एवढंच मला म्हणायचं होतं! मग पंच्यानं डोळे पुसले आणि वळून चालू लागलो.

आता आमच्याकडची रीत तुम्हाला सांगायलाच हवी. कुणी गेलं तर जवळच्या नात्यात ती खबर फोनवर देत नाहीत. माणूस जातो. पहाटे जातो, अनवाणी जातो. अंगणातच उभा राहतो, ओसरी चढत नाही, पाण्याचा घोट घेत नाही. आणि निघताना 'येतो' म्हणत नाही. आणि हे मला कुणी शिकवायला नको होतं, कारण निवृत्त झाल्यापासून आमच्या वाड्यावरच्या खबरा द्यायचं काम माझ्याकडेच आहे! दहा-बारा घरांच्या अंगणात मी असाच उभा राहिलेलो आहे. पण त्या दिवशी माझं सगळं लक्ष श्वास मोजण्यात!

खात्री करायला फोन कोण करणार? मेलेल्याच्या घरी फोन करून 'खरंच का हो?' असं विचारतात होय? अक्कानं हंबरडा फोडला. तिच्या मुलानं, गौरेशनं, कारापूरला आमच्या शेजाऱ्याला, निवृत्तीला फोन केला आणि मामाचा हार घातलेला फोटो मोबाइलवर टाकला. हार त्यानं फोनवरच चढवला होता. सात वाजता गोकुळदासदादा अख्ख्या तालुक्याच्या लेखी गेलेला होता! फक्त त्याच्याच घरी कुणाला पत्ता नव्हता; निवृत्ती आधी बांबू आणि माणसं जमवायला गेला होता.

आणि मी? मी रक्त दिलं आणि बाहेर आलो. समोरच्या हॉटेलात भाजी-पाव. चाळीस दिवस धरलेली जीभ एका वासात सुटली हो! एक प्लेट, मग दुसरी, वर मिरची भजी, गोड चहा. म्हटलं, रक्त तर देऊन झालंय, आता रिपोर्टला काय कळतंय! मोबाइल पिशवीत मुका पडलेला. बाहेर पडलो तेव्हा पावणेनऊ होऊन गेले होते. वहिनी माझी वाट बघून, बाहेरून कडी घालून बसला निघून गेल्या होत्या.

घराच्या वळणावर आलो आणि पाय जागच्या जागी थांबले. अंगण भरलेलं. माणसं डोकी खाली घालून उभी. निवृत्ती माडाखाली उकिडवा बसून बांबू तासत होता.

हसू नका. त्या क्षणाला माझ्या मनात एकच गोष्ट आली. मी भजी खात होतो आणि तेवढ्यात दादा गेला. एकटा गेला. साडेआठला येतो म्हणून मी वहिनींना शब्द दिला होता! मी तिथेच मातीत बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. निवृत्ती धावत आला.

"भिकाजीबाब, धीर धरात."

"कधी... दादा कधी गेलो रे?"

निवृत्ती माझ्याकडे बघतच राहिला. "तें आमी तुमकां विचारपाचें! खबर तुमीच दिली न्ही?"

"मी? कोणाक?"

"सुमंगलाक्काक!"

"मी तिका एक शब्द बोलूंक ना!"

"तेंच तर!" निवृत्ती म्हणाला. "आमी जनेलांतल्यान पळयलें. चादर ओडून निजल्यात. घरचें कोण येय मेरेन आंगाक हात कसो लावप?" खिडकीतून ओढलेली चादर दिसली, तेवढ्यावर यांची खात्री झाली होती; घरचं कुणी येईपर्यंत अंगाला हात लावायचा नाही, म्हणून आत कुणी गेलंच नव्हतं!

इतक्यात रिक्षा आली. वाटेतल्या नात्यागोत्यात कळवत आलेली अक्का उतरली ती कुणाला न जुमानता सरळ ओसरीवर. कडी काढली, आत गेली, आणि अशी किंकाळी ऐकू आली की माडावरचे कावळे उडाले. मग आतून दादाचा आवाज. बावीस दिवसांत इतका मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

"कोण मेलो गो?"

"तूं रे दादा, तूं!"

आत थोडं बोलणं झालं, ते ऐकू आलं नाही. अक्काचं रडणं थांबलं, परत सुरू झालं, पण आता ते वेगळं होतं. आणि मग दारात दादा दिसला! दोन्ही हातांनी चौकट धरलेली, लुंगी अर्धवट सुटलेली, दाढी वाढलेली. त्यानं जमलेली माणसं बघितली. तासलेला बांबू बघितला. मग मातीत बसलेला मी दिसलो.

"माका मारून खंय गेल्लो रे तूं?"

"दादा, भाजी-पाव..." माझ्या तोंडून खरं तेच निघालं.

"भाजी-पाव!"

चौकट सुटली. अक्का धरायला धावली, तिचा हात त्यानं झटकला. एक पाऊल. दुसरं. ओसरीच्या पायऱ्या तीन; एकेक पायरी तो थरथरत उतरला. माणसांनी वाट करून दिली. मी उठून पळू शकलो असतो, पण हललो नाही. मी मोजत होतो! आठ... नऊ... दहा... अकराव्या पावलाला तो माझ्यापुढे उभा राहिला आणि सणसणीत एक कानाखाली!

तुम्हाला खोटं वाटेल, पण आयुष्यात मला इतका आनंद कधी झाला नाही. गाल झणझणत होता आणि मी ओरडत होतो, "चललो! दादा चललो!" दादानं खाली आपल्या पायांकडे बघितलं. मग तो माझ्या गळ्यात पडला. निवृत्तीनं कोयता बाजूला ठेवला आणि तो पंच्यात तोंड लपवून रडला.

नऊच्या बसने गेलेल्या वहिनी दहाला परतल्या. जमलेल्या माणसांना, बांबूला आणि मला त्या जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

डॉक्टरांना नवल वाटलं. म्हणाले, रोज असंच चालवा. पण कसं? दादा सकाळी ओसरीवर येतो आणि बसून राहतो. 'उठ' म्हटलं तर उठत नाही, फायदे सांगितले तर जांभई देतो. अंगणात मी समोर जाऊन उभा राहिलो, की मात्र त्याला तो भाजी-पाव आठवतो. हात उगारून माझ्या रोखानं निघतो. मी एक पाऊल मागे सरतो, तो एक पुढे येतो. पहिल्या आठवड्यात माडापर्यंत आलो, दुसऱ्यात फाटकापर्यंत, आता रस्त्यावरच्या पुलापर्यंत.

परवा डॉक्टरांनी माझा नवा रिपोर्ट हातात घेतला, कपाळाला आठ्या घातल्या. "साखर वाढली आहे. चालणं बंद केलंत की काय?"

"नाही हो!" मी म्हणालो. "रोज पुलापर्यंत जातो. फक्त उलट्या पावलांनी!"