शंभर गुणांची शांत गल्ली

“कानावर येईल तेवढंच लिहायचं, नीलम्माताई. मनात येईल ते नाही.” मोहनराव गुरुजींनी बजावलेलं हे वाक्य नीलम्मानं वहीच्या पहिल्याच पानावर सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवलं होतं.

झालं असं, की जगातले देश शांततेनुसार ओळीनं लावतात आणि त्यात आपला नंबर शंभराच्या पार पलीकडं आहे, हे निवृत्त मुख्याध्यापक मोहनरावांनी मोबाईलवर वाचलं. ते त्यांच्या मनाला लागलं. देश एकदम सुधारणं अवघड असल्यामुळं त्यांनी चौसाळ्यातल्या आपल्या गल्लीपासून सुरुवात केली. समिती झाली, नोंदीचा छापील नमुना झाला, दर घराला शंभर गुण ठरले. ओरडल्यास पाच वजा, भांडं आपटल्यास दहा, पोलीस दारात आल्यास पन्नास. आणि सोमवारी दुपारी बारा वाजता पाहुण्यांच्या हस्ते ‘शांत गल्ली’ अशी पाटी.

मोजणीला नीलम्मा एकमतानं निवडली गेली. रोज पहाटे गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा, मग दुपारी बारापर्यंत मौन. असं माणूस निःपक्ष असणारच. मौनात ती फक्त टाळी वाजवी आणि डोळे वटारी. सून चळाचळा कापे, पण कापण्याला आवाज नसतो, म्हणून नीलम्माच्या घराला अठ्ठ्याण्णव. दोन गुण तिनं नम्रतेपोटी स्वतःच कापले होते.

पहिल्या यादीत ऊसतोडीला गेलेली सहा घरं सगळ्यांत वर आली. कुलपांना शंभरपैकी शंभर.

“म्हंजी समदेच निघून गेलो तर जगात पयला नंबर की ओ गुर्जी!” गुडघ्यापायी यंदा मागं राहिलेली दगडाबाई म्हणाली.

“सूचना विचाराधीन आहे,” गुरुजींनी नोंद केली.

रविवारी सकाळी नऊ वाजता शेजारच्या भिंतीपलीकडं प्रवीणनं बायकोला मारलं. बराच वेळ मारलं. सुरेखा एकदाच ओरडली. नीलम्मानं लिहिलं : ओरडणे एक, वजा पाच. मारण्याचा रकाना नमुन्यात नव्हता.

अकराला सुरेखा सुजलेला ओठ घेऊन दारात आली. “मावशी, तुमी ऐकलं का न्हाई?”

नीलम्मानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट दाखवलं. सुरेखा उंबऱ्यावर बसून राहिली. एक तास.

बाराला नीलम्मा बोलली. “ऐकलं गं.”

“मग ठाण्यात सांगता का? उद्या दुपारी ते मला ऊसतोडीला कारखान्यावर न्येणार हायत. तिथं रानात पाचटाच्या कोपीत ऱ्हायचं. शेजारी तुमी न्हाई. ऐकायला कोण हाय? सकाळी ते मुकादमाकडं जातेत, तवाच निघता यील.”

“दहाला येते तुझ्यासंगं,” नीलम्मानं वचन दिलं. दहा वाजता आपण बोलत नसतो, हे वचन देताना तिच्या ध्यानात आलं नव्हतं. किंवा आलं होतं.

ठाण्याची कुणकुण लागताच संध्याकाळी गुरुजी धावत आले. “ताई, तक्रार नोंदली की भांडण झालं! न नोंदलेलं भांडण झालेलंच नसतं. मोठमोठे देश याच जोरावर वर बसलेत. वजा पन्नास म्हणजे पाटी गेली!”

“लेकरासारख्या पोरीला मारलंय ओ त्यानं.”

“वाईटच झालं. पण उद्या दुपारी त्या घराला कुलूप. आपोआप शंभर. शिवाय तुमचं मौन! बावीस वर्षांचं व्रत मोडणार?”

गुरुजींनी तिच्या व्रताचा एवढा मान याआधी कधी ठेवला नव्हता. नीलम्माला तो गोड लागला. त्या दिवशी तिला जेवणही व्यवस्थित गेलं.

सोमवारी पूजेला बसल्यावर तिनं तळहातावरच्या इष्टलिंगाकडं बराच वेळ पाहिलं. लिंग काही बोललं नाही. तेही मौनातच होतं. पण आपण इतकी वर्षं देवासाठी गप्प होतो की सोयीसाठी, हे स्वतःला विचारायला तिला तेवढं पुरलं.

बाहेर मांडवात खुर्च्या लागत होत्या. नीलम्मानं कपाळाची विभूती सारखी केली, वही गुरुजींच्या ओट्यावर ठेवली, सुरेखाच्या दाराची कडी वाजवली आणि बाराला दोन तास बाकी असताना म्हणाली, “चल.”

दोघी निघाल्या तशा गल्लीतल्या खिडक्या एकेक करून हळूच बंद होत गेल्या. कुणाकुणाच्या, ते नीलम्मानं वळून पाहिलं नाही. आपली खिडकी आपण ओळखावी.